साडूंच्या कानातला उपग्रह

आमच्या साडूंइतका वर बघत चालणारा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही, आणि वर बघत चालूनही कधी गटारात न पडलेला तर साऱ्या देशात सापडायचा नाही. मी जन्मभर खाली बघून चाललो आणि पेणच्या बाजारात दोनदा पडलो, तेव्हा हे अनुभवाचे बोल समजावेत. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. रोह्याच्या एका केमिकल कंपनीत मीटर आणि गेज दुरुस्त करण्यात त्यांनी शिफ्टमागून शिफ्ट घालवल्या, आणि निवृत्तीनंतर लोक देवदर्शनाला निघतात तसे हे उपग्रहांमागे निघाले. डोक्यावरून जाणाऱ्या चिमुकल्या उपग्रहांचे आवाज रेडिओवर ऐकायचे, हा छंद. त्यासाठी रीतसर परीक्षा देऊन परवाना काढला, आणि सुताराच्या पोलादी टेपचे तुकडे प्लास्टिकच्या पाइपवर आडवे बसवून अँटेना केली. ती दिसते माशाच्या काट्यासारखी. गाडीत ती मांडीवर घेऊन बसले असताना एका मावशीनं विचारलं, यावर बोंबील किती वाळतात? साडू शांतपणे म्हणाले, "बोंबील नाय, उपग्रह." मावशी जरा सरकून बसली.

त्यांना कुठलाही पत्ता विचारू नये. कोलाडच्या एका लग्नात कुणीतरी मांडवाची वाट विचारली, तर यांनी ती उत्तरेपासून किती अंशांवर ते सांगितलं. तो बिचारा आहेर घेऊन शेजारच्या बारशात जेवून आला. गेल्या थंडीत नागोठण्याजवळ एका शेतात आम्ही पोपटी लावली होती. वालाच्या शेंगांचं मडकं जाळातून काढून उपडं करायच्या ऐन मोक्याला हे अँटेना घेऊन बांधावर उभे, पाठ आमच्याकडे. त्यांच्या वाटणीची अंडी मी खाल्ली. परत आले ते खुशीत म्हणाले, "आज मस्त बोलला." अंड्यांची चौकशीसुद्धा नाही. चोरी करावी आणि मालकाच्या ध्यानातही येऊ नये, याचं मला आजही वाईट वाटतं.

पण यंदा गणपतीच्या तोंडावर ते माझ्याकडे आले तेव्हा वर बघत नव्हते. त्यांची मुलगी, म्हणजे आमची भाची, इंजिनियरिंगला आहे. तिच्या कॉलेजच्या पोरांनी चहाच्या डब्याएवढा एक उपग्रह केला होता. तो वर गेला आणि मुका झाला. त्याच्या अँटेना दुमडून दोऱ्यानं बांधलेल्या असतात. वर गेल्यावर एक तार तापते, दोरा जळतो, अँटेना उघडतात आणि उपग्रह बोलू लागतो. हा दोरा भाचीनं बांधला होता. आठवडाभर कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं, कॉलेजात सगळे दोऱ्याकडे बोट दाखवत होते, आणि पोरगी होस्टेलवर धड जेवत नव्हती, फोनवर हूं-हूं करून ठेवून देत होती. कॉलेजच्या गच्चीवर शहराचा गोंगाट, रोह्याला साडूंच्या घरामागे डोंगर. पेणमधल्या माझ्या गणपतीच्या कारखान्याची गच्ची मात्र खाडीपर्यंत मोकळी. दुपारनंतर उपग्रह तिकडून वर येणार होता.

साडूंची अट एकच होती, रंगाचा कॉम्प्रेसर बंद ठेवायचा. त्यानं रेडिओत खरखर येते म्हणे. मी तो बंद केला आणि विज्ञानाला मदत केल्याच्या समाधानात खाली आलो. खाली दाराच्या उजेडात वहिनी डोळ्यांची आखणी करायला बसल्या होत्या. त्या आमच्याकडच्या सगळ्यात जुन्या कारागीर. आखणीच्या वेळी आमच्याकडे कुणी मोठ्यानं बोलत नाही आणि वारा चालत नाही, कारण ब्रश केसभर हलला तर देव तिरळा होतो.

"शेठ, पंखा बंद करा हो," त्या मान न वळवता म्हणाल्या.

आमच्या बोर्डावर इतकी बटणं आहेत की कुठलं कशाचं हे मला, म्हणजे मालकाला, अजून ठाऊक नाही. चुकीचं दाबून चारचौघांत शिव्या खाण्यापेक्षा मी नेहमीप्रमाणे मेन स्विचच पाडला.

वरून "अरे!" असं ऐकू आलं, आणि साडूंच्या जुन्या, बॅटरी गेलेल्या लॅपटॉपची वायर याच बोर्डातून गच्चीवर गेलीय हे मला तेव्हा आठवलं. धावत वर गेलो. लॅपटॉपचा पडदा काळा ठिक्कर. साडू पिशवीतून हातात धरायचा छोटा रेडिओ काढून अँटेनाला जोडत होते. मी परत खाली पळणार, तोच त्यांनी माझं मनगट धरलं.

"काय बंद केलंत, कारखानदार?"

"सगळंच."

"मग तसंच ऱ्हाऊ द्या."

मघापासून त्यांना नुसती खरखर ऐकू येत होती, ती आता गेली होती. कॉम्प्रेसर निर्दोष होता. गुन्हेगार होत्या त्या स्वस्तात मिळाल्या म्हणून मी डझनावारी आणलेल्या एलईडी ट्यूबा, ज्यांचं कौतुक मी सकाळीच साडूंना चहाबरोबर ऐकवलं होतं. त्या शांततेत रेडिओतून एक बारीक शीळ आली. तुटक, लांब, पुन्हा तुटक. साडूंनी ती मोर्सची, जुन्या तारेच्या लिपीतली अक्षरं ओठांनी लावली, उपग्रहाचं नाव जुळलं, आणि ते मटकन टाकीच्या कट्ट्यावर बसले. अँटेना तेवढी खाली येऊ दिली नाही.

मग त्यांनी मला भाचीला फोन लावायला सांगितलं. तिनं उचलला, तेव्हा एक शब्द न बोलता फोन रेडिओजवळ धरायला लावला.  पलीकडून बारीक आवाजात, "बाबा, दोरा जळला?"

"व्हय गो," साडू म्हणाले, "जळला."

पोरगी हसत होती की रडत होती, ते मला कळलं नाही. मला स्वतःचंही नीट कळत नव्हतं. शिळेचा सूर हळूहळू उतरत गेला, पुढे निघून गेलेल्या एसटीच्या हॉर्नसारखा. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, आता हा खाली कधी येणार?

"येईल काही वर्षांनी. येता येता जळून जाईल," साडू म्हणाले. "न बोलता जाऊ नये, एवढंच होतं."

मग एवढा खटाटोप कशाला, असं मी विचारणार होतो. पण खाली फळ्यांवर ओळीनं माझे गणपती वाळत होते, आणि हा प्रश्न विचारायला निदान पेणमधला तरी माणूस लायक नाही.

आवाज थांबला. उपग्रह डोंगराआड गेला असणार. साडूंचा हात मात्र तिकडेच रोखलेला होता. वहिनींनी खालून हाक दिली, डोळे झाले, आता लाइट चालू करू का.

मी म्हटलं, थांबा जरा.