आधी डोकी मोजा

आमच्या साडभाऊंइतका भित्रा माणूस चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत शोधून सापडायचा नाही, आणि झाडाचा शेंडा उतरवावा तर तोही त्यांनीच. या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात असं ज्याला वाटतं, त्याने एकदा पन्नास फुटांवर चढून खाली पाहावं. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. उभी हयात एटापल्लीकडच्या जंगलात वनमजूर म्हणून गेली, आणि निवृत्त झाले तेव्हा हातापायांची वीसच्या वीस बोटं जागेवर होती. "धीट मानूस एकच डाव चढते, भाऊ," ते मला सांगतात. "भेकाड मानूस जन्मभर चढते."

ते बिडी ओढत नाहीत, पण बंडल त्यांच्या खिशात कायम. झाडापाशी गेले की एक पेटवायची आणि हात लांब करून धूर कुठे जातो ते पाहत बसायचं. धूर जरा तिरपा झाला की काम बंद, चहा मागवा. मग दोर. दोर दोन, एक माणसाचा आणि एक लाकडाचा. "दोघाईची सोयरीक करायची नाई," हा त्यांचा नियम काळ्या दगडावरची रेघ. करवतीला तिची स्वतःची दोरी, ती कमरेला. मग चुन्याची पिशवी काढून झाडाभोवती भलं मोठं रिंगण आखायचं, शेंड्याच्या उंचीच्या दुप्पट लांब. आणि शेवटी, वर पोचल्यावर, करवत लाकडाला लावण्याआधी, खालची माणसं एक एक करून मोजायची. रिंगणाबाहेर सगळी डोकी दिसली पाहिजेत. एक जरी कमी भरलं तरी करवत चालत नाही. ही सवय अंगात इतकी मुरली आहे की माझ्या मुलाच्या लग्नात बस सुटताना त्यांनी वऱ्हाड तीनदा मोजलं, आणि दोनदा नवरदेवाला धरायला विसरले.

आमच्या ऊर्जानगरच्या क्वार्टरमागे एक शेवगा होता, मनगटाएवढ्या खोडाचा. त्याचा शेंडा छाटायला साडभाऊंनी अख्खी सकाळ खाल्ली. बिडी झाली, चुना झाला, दोन्ही दोर झाले, शेजाऱ्याला त्याची मोटारसायकल हलवायला लावली. शेजारी पोट धरून हसला. "काऊन हासून राह्यले, बापा?" एवढंच साडभाऊ म्हणाले. पुढच्याच महिन्यात त्या शेजाऱ्याने स्वतःचा शेवगा स्टुलावर उभं राहून तोडला आणि पाय प्लास्टरात घालून बसला. साडभाऊ संत्री घेऊन भेटायला गेले. विचारपूस राहिली बाजूला, खाटेशी बसून पहिला प्रश्न केला, "खाली मानसं किती होते? मोजले होते काय?"

मीही हसायचो, कशाला खोटं बोलू? एकदा मात्र त्यांनी मला कारण सांगितलं. तरुणपणी एका वाळक्या ऐनाचा शेंडा पाडताना सोबतचा मजूर पाणी घेऊन परत आला, आणि ह्यांनी खाली पाहिलंच नाही. तो वाचला, पण पुढे कुबडीवरच चालला. "त्या दिवशी मोजलं नव्हतं," म्हणाले आणि चहा न पिताच उठले. त्यानंतर मला त्या मोजणीचं हसू आलं नाही.

त्यांची खरी परीक्षा झाली ती आमच्या सासुरवाडीला, मोहर्लीच्या अलीकडच्या गावात. घराला लागून एक जुना मोह. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्याची फुलं वेचत आलेल्या. त्याच्या शेंड्यावर वीज पडली आणि वरचा भाग पार वाळून गेला, तोही नेमका स्वयंपाकघराच्या छपरावरच्या कवेलूंवर झुकलेला. पावसाळ्याआधी तो उतरवणं भाग होतं. माझ्या मेहुण्याचं म्हणणं, झाडच बुडापासून काढू, परवानगीचे कागद तयार आहेत. साडभाऊंनी त्याच्याकडून एक दिवस मागून घेतला. शेंडा तेवढा उतरवतो, झाड राहू दे. मेहुणा म्हणाला, "आजचा दिवस तुमचा, भाऊजी. उद्या मशीनवाले येऊन राह्यले."

सासूबाईंना मात्र दोघांचाही भरवसा नव्हता. शेंडा म्हणजे सुरुवात, मागून झाड जाणारच, असं त्यांनी धरलं होतं. "मुंडकं कापलं तं मानूस जगते काय?" त्यांनी विचारलं.

"मानूस नाई जगत, आई. मोह जगते," साडभाऊ म्हणाले. "जित्या फांदीच्या वर कापतो. जिता भाग सोडून."

सकाळी नऊला, बिडी आणि चुन्याचं रिंगण उरकून, ते वर गेले. लाकडाचा दोर शेंड्याला बांधून खालच्या भक्कम बेचक्यातून काढला, आणि त्याचं टोक अंगणातल्या आंब्याच्या बुंध्याला तीन वेढे देऊन माझ्या आणि मेहुण्याच्या हाती दिलं. भार बुंध्याने घ्यायचा, आम्ही फक्त सोडत जायचं. स्वतःला जित्या लाकडाला बांधून घेतलं आणि मोजायला लागले. मी, मेहुणा, आमच्या दोघांच्या बायका, आणि त्यांची स्वतःची. पाच. असायला हवे होते सहा.

सासूबाईंनी मागच्या दाराने स्वयंपाकघरात जाऊन आतून कडी घातली होती. बरोब्बर शेंड्याखाली! "मी इथीच बसते," आतून आवाज आला. "कापा आता."

मेहुणा दार तोडायला धावला. वरून साडभाऊ ओरडले, "खबरदार! ओढून आनलेलं डोकं मी मोजत नाई. आपल्या पायानं आलं तंच मोजतो."

"मंग उतरा ना भाऊजी, उद्या पाहू!"

"उद्या तुह्ये मशीनवाले. मी उतरून नाई राह्यलो."

झालं! आता शेंडी तुटो की पारंबी. वर जावई, खाली सासू, मधे मे महिन्यातलं आमच्या चंद्रपूरचं ऊन. दहा वाजले, अकरा वाजले. आम्ही टोपलीतून पाणी वर पाठवलं. बारा वाजता त्यांच्या बायकोने शेजारणीकडून भाकरी करून आणली, तर महाराज म्हणतात, "या घरी मी आईच्याच हातचं जेवतो." तेही खरंच होतं. तीस वर्षांत थोरल्या जावयाचं ताट त्या घरात दुसऱ्या कोणी वाढलं नव्हतं, सासूबाई वाढू देत नसत. त्यांच्या कानावर हे गेलंच.

एकच्या सुमाराला कवेलूंमधून धूर निघायला लागला. पाठोपाठ फोडणीचा वास. कडी वाजली. सासूबाई पदराखाली ताट घेऊन बाहेर आल्या आणि वर पाहत पाहत आंब्याखालच्या टोपलीशी येऊन उभ्या राहिल्या. टोपली चुन्याच्या रेषेबाहेर होती.

"सहा!" वरून आवाज आला.

"फसवलं मले," सासूबाई म्हणाल्या.

"नाई आई, भूक खरीच हाय. पन कापू काय ते तुमीच सांगा. नाई म्हनलं तं उतरतो."

मेहुणा काही बोलणार होता, मी त्याचा हात दाबला. सासूबाईंनी झाड बुडापासून शेंड्यापर्यंत पाहून घेतलं. मग टोपलीत ताट ठेवत म्हणाल्या, "आधी जेवून घ्या. मंग कापा. उपाशी हात थरथरते."

साडभाऊ फांदीवर बसून वरण-भात आणि वांग्याचं भरीत जेवले, बोटं चाटून. मग पुन्हा सहा मोजले. जिकडे शेंडा झुकवायचा त्या अंगाने आधी खाच घेतली, मग उलट्या अंगाने करवत लावली, आणि मधे दोन बोटं लाकूड राखून थांबले. "एकदम कापलं तं खोड उभं फाटते," हे मी शंभरदा ऐकलं होतं, आज पाहिलं. शेंडा सावकाश वाकला, कडाडला, दोराला लोंबकळला. माझ्या हाताची सालटं निघाली, पण आम्ही वेढा वेढा सोडत गेलो, आणि झोपलेलं पोर खाटेवर ठेवावं तसा तो अंगणात टेकला. एक कवेलू फुटलं नाही. सासूबाईंनी वर बोट दाखवून विचारलं, "हाय ना जीव?"

"फुलं येतीन तवा पाहजा."

पुढच्या चैत्रात सासूबाईंनी टोपलीभर फुलं वेचली आणि प्रत्येक जावयाला फोन करून सांगितलं. त्याच्या पुढचा चैत्र त्यांना दिसला नाही.

मशीनवाले काही आले नाहीत. आता मेहुणाच झाडाला कुणाला हात लावू देत नाही. यंदा एक वाळकी फांदी काढायला त्याने साडभाऊंनाच बोलावलं. बिडी झाली, चुना झाला, दोर झाले. वर पोचून ते मोजायला लागले. पाच. थांबले. पुन्हा मोजले. पाचच. आम्ही तेवढेच होतो, सगळे रेषेबाहेर होतो, पण करवत काही चालेना. ते स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत बसले होते.

मग ते फांदी न कापताच उतरले. एकदा वर चढल्यावर साडभाऊंना काम टाकून उतरताना मी पहिल्यांदाच पाहिलं. दोर सोडत म्हणाले, "आधी जेवून घेऊ, भाऊ. उपाशी हात थरथरते."