दोन गावांची बोटे

डॉ. महालिंग बिराजदार सरांना मी प्रथम पाहिले ते आईला तपासताना. लातूर जिल्हा नवा होता. दवाखान्याची पाटी बदलली होती; नळाला पाणी नव्हते. त्या दुष्काळात आई निलंग्याला लांबच्या विहिरीवरून घागरी आणायची. जुन्या ऑपरेशनच्या व्रणापाशी तिच्या पोटाच्या भिंतीला फट पडून हर्निया झाला होता. बहिणीकडे मुदखेडला गेली असताना नांदेडच्या डॉ. सय्यद यांनी तिला तपासले. ऑपरेशन घराजवळ व्हावे म्हणून त्यांनी चिठ्ठी देऊन लातूरला पाठवले. चिठ्ठीत होते : फट दोन बोटे, टाके पुरेत.

"मावशी, उभ्या राहा. खोका." सरांनी बोटे टेकवली. पुन्हा टेकवली. "तीन आहेत."

"यष्टीत वाढलं व्हय?" आईने विचारले.

सर हसले. मग आपल्या बोटांकडे पाहून चिठ्ठी पुन्हा वाचली.

सर आणि डॉ. सय्यद मिळून हर्नियांची वर्गवारी करत होते. जागा कोणती, फट किती बोटे, पहिल्यांदा झालेला की पुन्हा आलेला. कोणत्या वर्गात नुसते टाके टिकतात आणि कुठे फटीवर कृत्रिम जाळी बसवावी लागते, हे त्यातून ठरणार होते. दोन्ही गावांचे रुग्ण एकत्र धरून निबंध तयार होता. तो पुण्याच्या परिषदेत वाचायचा होता.

डॉ. सय्यद रविवारी आले. दोघांनी टेबलावर हात ठेवले. नांदेडची दोन बोटे रुंदीला जवळजवळ लातूरच्या तिनांएवढी भरली.

"ही काय बोटं हायत तुझी? गवारीच्या शेंगा!" डॉ. सय्यद हसले.

"अन् तुझी केळी."

हसणे ओसरल्यावर डॉ. सय्यद म्हणाले, "जाऊ दे की. पेशंट तर बरे झाले."

"हे झाले. आपला निबंध वाचून तिसरा कुणी नुसते टाके घालील, त्याच्या पेशंटचं काय?"

निबंध पुण्याला गेला नाही. सरांनी दोन सारख्या पोलादी पट्ट्या आणल्या, एक नांदेडला दिली. ज्यांची पोटे शिवून झाली होती त्यांची फट आता मोजता येणार नव्हती. ते सगळे रुग्ण वगळून दोघांनी पहिल्यापासून सुरुवात केली. पट्टीने मोजलेली पहिली फट आईची. तिला जाळी बसवली. निबंध पुढे वाचला गेला, पण फार उशिरा. त्याबद्दल सरांना हळहळताना मी ऐकले नाही.

ऑपरेशन झाले म्हणजे काम संपले, असे ते मानत नसत. दरवर्षी रुग्णाने येऊन, उभे राहून खोकले पाहिजे. एका सुगीत आई गेली नाही. "बरं हाय की. खोकायला लातूरला कशाला जाऊ?" तेव्हा सर स्वतः एसटीने निलंग्याला आले. आई दारात उभी राहून खोकली. सरांनी तपासले, चहा घेतला आणि परतीची गाडी धरली.

आता सर पंचाहत्तर वर्षांचे झाले आहेत. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, एवढे लिहून मी थांबणार होतो. आईला वाचून दाखवले. तिची जाळी अजून शाबूत आहे.

"लई जगा म्हणावं," ती म्हणाली. "अन् दरसाल एकदा इकडं या. आता तुम्ही उभं राहा, खोका. मी बघते."