पावण्यांची म्हैस

लग्न झालं तेव्हा मी जुन्नरला एका कचेरीत कारकून होतो. तिथं माझं कुणी ऐकत नसे. शिपायाला पाणी मागितलं, तर तो माठाकडं बोट दाखवायचा. घरी वडील होते, त्यामुळे तिथंही माझ्या मताची कुणाला गरज पडत नव्हती. मग एके दिवशी मुंडावळ्या बांधून मांडवात उभा राहिलो आणि अवसरी बुद्रुकला, सासरवाडीत, एकदम राजा झालो. माझ्यात बाकी काडीचा फरक पडला नव्हता. अक्कल होती तेवढीच होती.

तिथं माझ्या तोंडातून निघेल ते खरं व्हायचं. पहिल्याच खेपेला मेव्हणे टीव्हीवर मॅच बघत बसले होते. मी आपलं सहज म्हणालो, "आवाज जरा मोठाय का?" झालं. टीव्ही बंद, त्यावर भरतकामाचं कव्हर, आणि तिन्ही धडधाकट मेव्हणे गोठ्यामागं जाऊन रेडिओला कान लावून बसले. अहो, मलाही मॅच बघायची होती. पण बोलायची सोय राहिली नव्हती, कारण सासरे येईल त्याला अभिमानानं सांगत होते, "आमच्या पावण्यांना गलका चालत न्हाई." सासऱ्यांना मी मामा म्हणायचो. भावकीत कुणाच्या बापाला न जुमानणारा माणूस, पण जावयापुढं हात बांधून उभा.

माझा एकच शब्द त्या घरात कधी पाळला गेला नाही. तो म्हणजे "बास". ताटावर हात आडवा धरला, तर हातावर वाढायचे.

सासूबाई माझ्याशी बोलत नसत. जावयाशी थेट बोलायची त्यांच्यात रीत नव्हती. पदर दातात धरून त्या दाराआडून लेकीला सांगायच्या आणि लेक मला सांगायची. त्या सगळ्यांचं ऐकायच्या. नवऱ्याचं, दिरांचं, मुलांचं, आणि आता माझं. त्यांचं ऐकणारी त्या घरात एकच होती, ती म्हणजे म्हैस. पारडी होती तेव्हापासून त्यांनी तिला वाढवलेलं. त्यांची हाक आली की ती निम्म्या शिवारातून चालत यायची.

अधिक महिना लागला आणि धोंड्याच्या जेवणाचं आवतण आलं. आम्ही आदल्या संध्याकाळी पोचलो. मला ओसरीत बाजेवर बसवलं. समोर गोठा होता आणि गोठ्यातून ती म्हैस माझ्याकडं बघत होती. रवंथ करत, पापणी न हलवता, आमचे साहेब रजेचा अर्ज हातात धरून बघतात तशी. मी हसत म्हणालो, "मामा, ही म्हैस लई बघती हो माझ्याकडं."

कुणी हसलं नाही. मामांनी उठून म्हशीचं तोंड भिंतीकडं केलं. ती वळली. त्यांनी पुन्हा केलं, ती पुन्हा वळली. "पावण्यांचा अपमान करती म्हंजे काय," मामा पुटपुटले.

सकाळी उठून बघतो, तर अंगणात टेम्पो. म्हैस चाकणच्या बाजाराला निघाली होती. पावणे जेवले की गाडी हलणार होती. सासूबाई तिला धूत होत्या आणि मधेच पदरानं डोळे पुसत होत्या. बायकोनं विचारलं, तर म्हणाल्या, "पाणी उडालं." नको म्हणून एक अक्षर नाही. पावण्यांचा शब्द होता ना.

मी धावत मामांकडं गेलो. "मामा, मी गमतीनं म्हणालो हो." मामा भावकीकडं वळून म्हणाले, "बघा, केवढं मोठं मन. आपल्याला वाईट वाटू नये म्हून म्हणत्यात." आणि ड्रायव्हरला म्हणाले, "फळी लाव रं, चढवू तिला." आता या माणसापुढं डोकं आपटावं का काय करावं?

बायकोनं मला माजघरात ओढलं. "रुसा," ती म्हणाली.

"काय?"

"जावई रुसला की मागंल ते द्यावं लागतं. रुसा."

मला रुसता येत नव्हतं. माझ्या रुसण्याची आजवर कुणी दखलच घेतली नव्हती, तर सवय कुठून असणार. शेवटी तिनंच शिकवलं. ताटावर बसा, भिंतीकडं बघा, आणि काही झालं तरी हसू नका. मी बसलो. समोर पुरणाचे धोंडे, तुपाची वाटी, वास असा की जीव जावा. मी भिंतीकडं बघत राहिलो.

घरात हाहाकार झाला. चुलतसासरे आले, शेजारचे आले, टेम्पोचा ड्रायव्हरसुद्धा समजूत घालायला येऊन बसला. "अंगठी पायजे का, पावणं?" मी गप्प. "घड्याळ?" मी गप्प. "मोटारसायकल म्हणा की, राव," ड्रायव्हरनं सुचवलं. मामांना घाम फुटला. मोटारसायकल ऐकून मीही डगमगलो, खोटं कशाला बोलू. पण दाराआड पदराचं टोक दिसत होतं.

"म्हैस पायजे," मी भिंतीला म्हणालो.

मामांचा चेहरा खुलला. म्हैस टेम्पोतून उतरली, तिच्या कपाळाला कुंकू लागलं आणि दावं माझ्या हातात आलं. मग मामा ड्रायव्हरला म्हणाले, "आता गाडी जुन्नरला घाल. पावण्यांच्या दारात उतरव हिला." जुन्नरला आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. माडीवर.

"ती हितंच राहील," मी घाईघाईनं म्हणालो. "म्हैस माझी, पण तिचं सगळं मामी बघतील. त्यांच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही." आणि ताटावर तुटून पडलो.

पुढं दर खेपेला मामा काहीतरी सांगायचे. "तुमी म्हणालात म्हून गोठ्यावर नवं पत्रं टाकलं, बरं का." असेन म्हणालो, असं मला वाटायचं. "तुमी नको म्हणालात म्हून पारडी न्हाई इकली." मी मान हलवायचो. राजाला सगळं कुठं आठवत बसतं.

मी रुसलो तेव्हा शेंबडी असलेली धाकटी मेव्हणी बघता बघता बारावी झाली. त्या उन्हाळ्यात आम्ही गेलो होतो. मी जेवत होतो, मामा समोर बसले होते, सासूबाई आमरस वाढत होत्या.

"त्या स्थळाला न्हाई म्हून कळवलं," मामा म्हणाले. "पोरीला आधी मंचरला कॉलेजात घाला, असं तुमी सांगितलंत ना. ही म्हणली, पावण्यांना इचारलंय." मग ते जरा थांबले. "पर पावणं, ही तुमच्याशी बोलती कवा?"

सासूबाईंच्या हातातला डाव हवेतच राहिला. इतक्या वर्षांत त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. पदराआडून त्या माझ्याकडं बघत होत्या. पापणी न हलवता, अगदी म्हशीसारख्या.

"बोलतात की," मी म्हणालो. "कॉलेजचं मीच सांगितलं."

"मग झालं तर," मामा म्हणाले आणि जेवायला लागले.

डाव खाली आला आणि वाटी काठोकाठ भरली. मी सवयीनं हात आडवा धरला, "बास" म्हणालो. सासूबाईंनी दातातला पदर सोडला आणि जन्मात पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलल्या.

"संपवा ती वाटी."

मी संपवली.