नवव्या मजल्यावरचं कमोड आणि खालचं कुलूप

सुरतकर मंडळी, दुपारपासून डोक्यातून जात नाही, म्हणून इथे लिहितोय.

मी डिंडोलीत राहतो. घराचं काम चालू असताना बेसिनचा किंवा कमोडचा टवका उडाला, तर तो भरून देतो. आज एका मोठ्या सोसायटीत नवव्या मजल्यावर गेलो होतो. सुताराच्या हातून हातोडी निसटली आणि नव्या कमोडचा काठ फुटला होता.

तीन तास फरशीवर बसून, कमोडवर वाकून काम केलं. टवका भरला, घासला, पांढरा रंग जुळवून पॉलिश केलं. घरच्या बेननी काठावरून बोट फिरवलं. "अरे वाह, पता ही नहीं चलता कहाँ टूटा था!"

मलाही बरं वाटलं. मग विचारलं, "बेन, बाहरवाला बाथरूम यूज करूं?"

त्यांचा चेहराच बदलला. "घर में नहीं, भैया. नीचे वॉचमैन का है ना, उधर जाओ."

मी "हां बेन" म्हणालो. खाली आलो तर संडासाला कुलूप, वॉचमन जेवायला गेलेला. मला शुगर आहे, थांबवत नाही. शेवटी पन्नाशीचा मी कंपाउंडच्या भिंतीआड उभा राहिलो.

वरून कुठल्यातरी बाल्कनीतून एक बाई ओरडली, "शरम नहीं आती? गंदे लोग!"

मान खाली घालून घरी आलो. बायकोलाही सांगितलं नाही.

तुमच्याकडेही मिस्त्री, प्लंबर येत असतील. दिवसभरात ते कुठे जातात, कधी विचारलंय त्यांना?