धाकट्याचं समन्स, थोरल्याची सही

माझ्या धाकट्या भावाच्या नावाचं कोर्टाचं समन्स मी सव्वीस दिवस इस्त्रीच्या कपड्यांखाली दडवून ठेवलं होतं. हे मी आजवर आपणहून कुणाला सांगितलेलं नाही. कोर्टात सांगितलं, पण तिथं इलाज नव्हता.

प्रकाशचा अमरगोळच्या बाजारात मिरचीचा व्यापार. मी धारवाडच्या एका शाळेत कारकून. तीन वर्षांपूर्वी तो हुबळीत बंगला बांधून वेगळा झाला. गल्लीत मात्र मी सांगत आलो, की आम्ही एकत्रच आहोत, बंगला मिरची ठेवायला बांधलाय. (मिरचीला चार बाथरूम कशाला, हे कुणी विचारलं नाही. लोक सभ्य आहेत.) पुढं बाजारातल्या एका व्यापाऱ्याला त्यानं चारचौघांत चोर म्हटलं, त्या माणसानं बदनामीची फिर्याद केली, आणि फिर्यादीत पत्ता पडला आमच्या जुन्या घराचा.

समन्स घेऊन पोलीस दारात आला, तेव्हा शेजारच्या शांताक्का कट्ट्यावर पापड वाळवत होत्या.

"प्रकाश इथंच राहतात काय?"

शांताक्कांचा हात थांबला.

"म्हणजे काय! एकत्रच आहोत की आम्ही," मी म्हणालो. "आता बाहेर गेलाय. मी थोरला भाऊ. आणा इकडं."

सही केली. झोकात केली. सत्तावीस वर्षं शाळेच्या नोटिसा मी लोकांना पाठवल्या. शिक्क्याचा कागद घेऊन पोलीस माझ्यासाठी कधी आला नाही. तोही आला तर प्रकाशसाठीच!

खरं सांगतो, रविवारी मी कागद देणार होतो. खिशात घालून बसलोही होतो. तर प्रकाश आला तो नवी गाडी घेऊन.

"अण्णा, बस की, एक फेरी मारू."

सीटमधून गार वारा येत होता. एवढ्या गारव्यात माणसाच्या अंगाची एवढी आग होऊ शकते, हे मला त्या दिवशी कळलं. कागद खिशातूनच घरी परत आला. एकदा तरी ह्याचं काही बिनसू दे, एवढंच मनात होतं.

बिनसलं. तारखेला तो हजर नाही म्हणून वॉरंट निघालं. प्रकाशचा फोन आला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"अण्णा, सोमवारी वॉरंट रद्द झालं नाही तर मला आत घालतील म्हणे. समन्सवर सही तुझी आहे?"

कोप्पीकर रोडवरच्या ऑफिसात प्रकाशच्या वकीलबाईंनी आम्हा दोघा भावांना आणि माझ्या बायकोला समजावलं, "समन्स ज्याचं त्याच्या हातात द्यायचं. तो सापडला नाही, तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या घरच्या मोठ्या माणसाकडं. तुम्ही बरोबर राहतच नाही. म्हणजे बजावणीच चुकीची!"

माझ्या जिवात जीव आला.

"फक्त तुम्ही प्रतिज्ञापत्र द्यायचं. वेगळे राहतो, पोलिसाला खोटं सांगितलं, कागद भावाला दिला नाही. का दिला नाही?"

"विसरलो."

"सव्वीस दिवस?"

"मी सांगते," बायको म्हणाली. "जळतात हे. भाऊजींनी छतावर सोलर बसवला, तेव्हा दोन दिवस जेवले नव्हते."

"दीड दिवस," मी म्हणालो.

वकीलबाईंनी तेही लिहून घेतलं.

सोमवारी मला पिंजऱ्यात उभं करून शपथ दिली. प्रतिज्ञापत्र मोठ्यानं वाचलं गेलं. 'मत्सरापोटी' ह्या शब्दाला टायपिस्टनंसुद्धा मान वर केली. समन्स आणणारा पोलीस कोपऱ्यात उभा राहून माझ्याकडं असा बघत होता, जणू मी त्याचाच भाऊ आणि त्यालाच फसवलं.

न्यायाधीश साहेबांनी मला विचारलं, "हे सगळं खरं आहे?"

"हौद्री, होय साहेब," मी म्हणालो.

"बजावणी रद्द. वॉरंट रद्द."

नवं समन्स तिथंच प्रकाशच्या हातात दिलं. तो माझ्याकडं बघून हळूच हसला. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

साहेबांनी फाईल मिटता मिटता सहज विचारलं, "काय हो, आता तरी भावावर जळणं थांबलं काय?"

मी प्रकाशकडं पाहिलं. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, गालावर तकाकी, डोक्यावर केस सगळेच्या सगळे. वॉरंट निघालेल्या माणसानं इतकं बरं दिसू नये.

मी अजून शपथेवर होतो.

"नाही साहेब," म्हणालो, "जरा वाढलंय."