गणिताचे सर आणि दहा मिनिटांचा श्वास

“वंदना मॅडम, तुमच्या विद्यार्थिनीनं कमाल केली,” असं म्हणत प्राचार्यांनी पेढ्यांचा बॉक्स माझ्यापुढे धरला. स्टाफरूममधले सगळे सुजाताभोवती जमले होते. टेबलावर त्या दिवशीचा पेपर उघडा पडला होता. आतल्या पानावर तिचा फोटो आणि वर मथळा: दहा मिनिटांच्या श्वासानं परीक्षेची भीती पळाली.

मी पेढा घेतला, अभिनंदन केलं आणि पेपर उचलून बातमी वाचली. मग पुन्हा वाचली. मार्गदर्शक म्हणून माझं नाव कुठे आलंय का, ते मी शोधत होते. नव्हतं.

मी सांगलीतल्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. बावीस वर्षं झाली. सध्या विभागप्रमुख आहे. सुजाता माझ्याच हाताखाली एम.ए. झाली. कवठे महांकाळ तालुक्यातली मुलगी, वडील फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. पहिल्या वर्षी तिनं मला विचारलं होतं, “मॅडम, हे शिकल्यावर दुसऱ्याच्या मनातलं कळतं का?” आता ती आमच्याच विभागात असिस्टंट प्रोफेसर होती आणि तिच्या पहिल्याच प्रयोगाची बातमी छापून आली होती. माझी बावीस वर्षांत एकदाही आली नव्हती.

मी जळत होते. त्याला दुसरा शब्द नाही.

आणि नुसत्या फोटोमुळे नाही. हाच प्रयोग मी तीन वर्षांपूर्वी साताऱ्यात केला होता. सुजाता तेव्हा पीएच.डी.साठी कोल्हापूरला होती, त्यामुळे तिला ते माहीत नव्हतं. आमच्या संस्थेच्या साताऱ्याच्या शाळेत दहावीच्या दोन तुकड्या होत्या. अ तुकडीला रोज सकाळी दहा मिनिटं सावकाश श्वास घ्यायचा व्यायाम दिला. ब तुकडीला तेवढाच वेळ अवांतर वाचन. ज्यांना व्यायाम द्यायचा नाही, पण बाकी सगळं तेच ठेवायचं, त्या गटाला आम्ही कंट्रोल ग्रुप म्हणतो. तो असल्याशिवाय तुलना कशाशी करणार? दोन्ही तुकड्यांकडून सुरुवातीला आणि सहा आठवड्यांनी परीक्षेच्या भीतीची एक प्रश्नावली भरून घेतली.

भीती दोन्हीकडे थोडी कमी झाली, आणि सारखीच कमी झाली. म्हणजे व्यायामामुळे वेगळा फरक दिसला नाही. याला नल रिझल्ट म्हणतात. नल रिझल्ट म्हणजे फसलेला प्रयोग नव्हे. पण तेव्हाच्या प्राचार्यांनी रिपोर्ट चाळला आणि विचारलं, “म्हणजे काहीच नाही आलं का?” एका जर्नलनं तो परत पाठवला. दुसऱ्या जर्नलकडे मी पाठवलाच नाही. फाइल कपाटाच्या खालच्या कप्प्यात गेली. मी कुणाकडे विषय काढला नाही.

मला जे दिसलं नाही, ते सुजाताला दिसलं होतं. तेही तेवढ्याच सहा आठवड्यांत.

पंधरा दिवसांनी प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. “संस्थेला सुजाताचा कार्यक्रम सगळ्या शाळांत न्यायचाय. साताऱ्याला मीटिंग आहे. विभागप्रमुख म्हणून तुमची शिफारस लागेल.”

“सगळ्या शाळांत?”

“हो. आणि ती समुपदेशकांची पदं भरायची होती ना, ती आता थांबवतायत. वर्गशिक्षकच मुलांकडून दहा मिनिटं श्वासाचा व्यायाम करून घेतील.”

समुपदेशक म्हणजे ज्याच्याकडे मूल दार लावून रडू शकतं असा शाळेतला एकमेव माणूस. ही पदं मिळावीत म्हणून आमचा विभाग किती वर्षं पत्रं लिहीत होता.

“आधी मला तिचा डेटा बघावा लागेल,” मी म्हणाले.

“अहो, तुमचीच विद्यार्थिनी.”

“म्हणूनच.”

हे ऐकायला जबाबदारीचं वाटलं. समुपदेशकांची काळजी खरी होती, पण डेटा मागताना माझ्या मनात ती दुसऱ्या नंबरवर होती.

सुजातानं त्याच दिवशी सगळं पेनड्राइव्हवर दिलं. “मॅडम, काही चुकलं असेल तर सांगा हं,” असंही म्हणाली.

मी इतक्या बारकाईनं कुणाचा डेटा कधी वाचला नव्हता. पहिली गोष्ट, कंट्रोल ग्रुप नव्हता. शाळेत दहावीची एकच तुकडी, म्हणून तिनं तो ठेवलाच नव्हता. दुसरी, तिनं प्रश्नावलीत सगळ्यात जास्त घाबरलेली मुलं निवडून फक्त त्यांनाच व्यायाम दिला होता. यात एक सापळा असतो. डोकं सगळ्यात जास्त दुखतं त्या दिवशी आपण गोळी घेतो. दुसऱ्या दिवशी ते थोडं कमी होणारच असतं, पण श्रेय गोळीला जातं. टोकाला असलेला आकडा पुढच्या मोजणीत बहुधा आपोआप खाली येतो.

या सगळ्याला आमच्या भाषेत अंतर्गत वैधतेला धोका म्हणतात. अंतर्गत वैधता म्हणजे एवढंच: झालेला बदल आपण केलेल्या गोष्टीमुळेच झाला, हे किती खात्रीनं म्हणता येतं? सुजाताला ते खात्रीनं म्हणता येत नव्हतं. एकेक खोट सापडत गेली तसतशी मी वहीत लिहीत गेले. अक्षर चांगलं येत होतं.

पण ही झाली पुस्तकी हरकत. मला काहीतरी ठोस हवं होतं. सुजातानं प्रयोग केला होता त्या कवठे महांकाळच्या शाळेत मी तिला न सांगता गेले.

मुख्याध्यापकांनी कौतुकानं व्यायाम दाखवला. मुलं डोळे मिटून शांत बसली होती. छान वाटत होतं, हे खोटं कशाला बोलू? नंतर मी पहिल्या बाकावरच्या एका मुलीशी बोलले. वेणीला लाल रिबीन, हातावर निळ्या पेनचे डाग.

“हा व्यायाम करून बरं वाटतं का गं?”

“व्हय मॅडम, लय बरं वाटतं.”

“आधी परीक्षेची भीती वाटायची?”

“लय. पोटात गोळाच यायचा.”

“कशाची जास्त?”

“गणिताची.”

“आणि आता?”

“आता न्हाई एवढी. आता सर आल्यात की.”

“कुठले सर?”

“गणिताचं. जूनपास्नं गणिताला कोणच न्हवतं मॅडम. दिवाळीची सुट्टी संपली अन् सर आलं. रोज जादा तास घेत्यात.”

मी ऑफिसात जाऊन हजेरीपुस्तक मागितलं. गणिताचे नवे शिक्षक रुजू झाले होते ते सुजाताच्या प्रयोगाच्या दुसऱ्या आठवड्यात.

प्रयोग चालू असताना बाहेर दुसरंच काही घडतं आणि निकाल त्याचा असतो, या धोक्याला आमच्या विषयात ‘हिस्टरी’ असं साधं नाव आहे. इतकं स्वच्छ उदाहरण मी पुस्तकातही वाचलं नव्हतं. परतीच्या एसटीत मला खिडकीची जागा मिळाली आणि मी सांगलीपर्यंत गाणं गुणगुणत आले.

सुजाताला फोन करून सांगायला मीटिंगपर्यंत पूर्ण एक आठवडा होता. मी केला नाही.

साताऱ्याच्या मीटिंगमध्ये तिनं उत्तम मांडणी केली. आलेख, मुलांचे फोटो, पालकांची पत्रं. टाळ्या झाल्या. अध्यक्ष म्हणाले, “वंदना मॅडम, आता तुम्ही बोला.”

मी उभी राहिले. “सुजाता, त्या सहा आठवड्यांत शाळेत दुसरं काही बदललं होतं का?”

“नाही मॅडम. वेळापत्रक तेच होतं.”

“गणिताला शिक्षक कधी आले?”

तिनं समोरचे कागद चाळले. मी हजेरीपुस्तकातली तारीख वाचली. त्या मुलीचं बोलणं सांगितलं. मग वहीतल्या बाकीच्या त्रुटी सांगितल्या, क्रमानं, एकही न गाळता.

मला वाटलं, ती वाद घालेल. मी तिच्या जागी असते तर घातला असता. ती म्हणाली, “मला हे माहीत नव्हतं. मी विचारायला हवं होतं. मॅडमचं बरोबर आहे. भीती श्वासामुळेच कमी झाली असं मला म्हणता येणार नाही. आत्ता यावरून कुठलाही निर्णय घेऊ नये, अशी माझी विनंती आहे.”

निर्णय पुढे ढकलला गेला. जेवताना माझ्या मागच्या टेबलावर कुणीतरी म्हणालं, “मुलगी फार प्रामाणिक आहे हो.” माझ्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

परत येताना आम्ही दोघी कॉलेजच्या गाडीत मागच्या सीटवर होतो. कराड मागे पडलं. पुढे ड्रायव्हरनं चहाला गाडी थांबवली. सुजातानं कप हातात घेतला, पण प्यायली नाही.

“मॅडम, तुम्ही शाळेत कधी गेला होता?”

“मागच्या आठवड्यात.”

“मग मला फोन का न्हाई केला?” एरवी ती कॉलेजात अशी बोलत नसे. “मी तुमाला सांगितलं होतं, काय चुकलं तर सांगा म्हणून.”

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं. शेवटी दिलंच. “मला तुझा हेवा वाटला. हाच प्रयोग मी साताऱ्यात केला होता. मला काहीच फरक मिळाला नव्हता.”

“कवा?”

“तीन वर्षं झाली.”

“छापला?”

“नाही.”

तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, “तुम्ही तो छापला असता, निदान मला दाखवला असता, तर मी कंट्रोल ग्रुपशिवाय हे केलंच नसतं. त्या मुलांच्या आयांना मी सांगून आलेय मॅडम, की भीती जाते म्हणून.”

चहा मी तसाच टाकून दिला. दुसऱ्या दिवशी फाइल काढून तिच्या टेबलावर ठेवली.

चार दिवसांनी ती माझ्या केबिनमध्ये आली. आत येऊन तिनं दार लावून घेतलं.

“मॅडम, एक विचारायचंय. रागावू नका. तुमच्या साताऱ्याच्या ब तुकडीतली एक मुलगी आता आपल्या एफ.वाय.ला आहे, हॉस्टेलवर. मी तिच्याशी बोलले.”

“मग?”

“ती म्हणाली, तो व्यायाम आम्हीपण करायचो. अ तुकडीतल्या मैत्रिणींनी शिकवला. मधल्या सुट्टीत, पाण्याच्या टाकीपाशी. निम्मा वर्ग करायचा म्हणे.”

मला समजायला एक क्षणही लागला नाही. ज्यांना व्यायाम द्यायचा नव्हता, त्यांनी तो मैत्रिणींकडून घेतला होता. माझा कंट्रोल ग्रुप कंट्रोल ग्रुप राहिलाच नव्हता. दोन्ही तुकड्यांत फरक दिसला नाही, कारण कदाचित दोन्हीकडे व्यायाम होत होता. तीन वर्षं मी ज्या निकालाची लाज बाळगली, त्याचा अर्थच लावता येत नव्हता.

“हे तू मीटिंगमध्येही सांगू शकली असतीस,” मी म्हणाले. पुढच्याच आठवड्यात विभागाची मीटिंग होती.

“कशाला?” ती म्हणाली. तिला खरंच कळलं नव्हतं.

पुढच्या वर्षी आम्ही दोघींनी मिळून प्रयोग केला. या वेळी तुकड्या नाही, शाळाच वेगवेगळ्या घेतल्या, एकमेकींपासून लांबच्या. कोयनानगर, पाटणकडची एक, जतकडच्या दोन, अशा. कोणत्या शाळेत व्यायाम आणि कोणत्या शाळेत वाचन, ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं, म्हणजे आमची आवडनिवड मध्ये यायला नको. सुजातानं प्रत्येक शाळेत एक वही ठेवली. त्यात दर आठवड्याला वर्गशिक्षकांनी लिहायचं: नवीन शिक्षक आले का, कुणी गेले का, चाचणी झाली का, गावात काही घडलं का. कोयनानगरच्या वहीत एकदा ‘भूकंपाचा सौम्य धक्का, मुले मैदानात’ अशी नोंद आली. एका शाळेच्या वहीत ‘वर्गशिक्षिकेचे लग्न’. सुजातानं दोन्ही नोंदी तितक्याच गंभीरपणे घेतल्या.

निकाल आला. व्यायामाच्या शाळा आणि वाचनाच्या शाळा यांत फरक दिसला नाही.

प्राचार्यांनी विचारलं, “म्हणजे परत काहीच नाही आलं?”

“आलं की सर,” सुजाता म्हणाली. “एवढ्यानं भागत नाही, हे आलं.”

श्वासाचा व्यायाम वाईट आहे असं आमचं म्हणणं नाही. मुलांना तो आवडतो. अगदी लहानसा फायदा होत असेल, तर तो आमच्या प्रश्नावलीच्या हाती लागला नसेल, हेही आम्ही रिपोर्टमध्ये लिहिलं. पण समुपदेशकाच्या जागी तो बसवता येणार नाही, एवढं ठामपणे म्हणता आलं. संस्थेनं थांबवलेल्या पदांपैकी दोन भरली. ते दोघं आता आठवडाभर शाळाशाळांतून फिरतात. गणिताच्या रिकाम्या जागाही भरल्या, ती शिफारस सुजाताची.

तिन्ही प्रयोग एकत्र लिहून आम्ही छापले. तिचा फसलेला, माझा फसलेला आणि दोघींचा मिळून. पहिलं नाव तिचं आहे, दुसरं माझं. तसं योग्यच आहे, काम तिचं जास्त होतं. तरी छापील पान हातात आलं तेव्हा माझी नजर आधी त्या क्रमावरच गेली. मग एका परिषदेत नल रिझल्टवर बोलायला तिला बोलावलं. मी दुसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. आतून जळलंच थोडं. ते गेलं असं मी सांगणार नाही.

सुजाताच्या प्रयोगातली चूक मला एका आठवड्यात सापडली, कारण मला ती सापडायला हवी होती. स्वतःच्या प्रयोगातली तीन वर्षांत सापडली नाही. त्यामुळे एम.ए.च्या मुलांना मी आता एक गोष्ट सांगते. रिपोर्ट छापायला देण्याआधी तो तुमच्यावर जळणाऱ्या एका माणसाला वाचायला द्या. आणि तो जे दाखवेल, ते मुकाट्यानं दुरुस्त करा.