म्हशीसाठी रेकॉर्डिंग

“हे अण्णा नाहीत,” संतोष हेडफोन काढत म्हणाला.

मी फाईल पुन्हा लावली. शब्द स्वच्छ होते. वाऱ्याची घरघर जवळजवळ गेली होती. खरं सांगते, मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेत होते.

“मॅडम, शब्द त्यांचेच आहेत. पण आवाज पातळ झालाय. पत्र्याच्या डब्यातून कुणी बोलावं तसा.”

त्या दिवशी मंगळवार होता. शुक्रवारी त्याच्या वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, ऑपरेशन होतं. घशाचा कॅन्सर. स्वरयंत्र काढणार होते. जीव वाचेल पण आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. गुरुवारी ॲडमिट व्हायचं होतं, म्हणजे आमच्या हातात फक्त बुधवार उरला होता.

संतोष वाळूजच्या एका कंपनीत सुपरवायझर आहे, राहायला बजाजनगरात. वडील पैठणकडच्या गावी, धरणाच्या पाण्यालगत शेतावर. वडिलांचा आवाज जपून ठेवावा म्हणून तो माझ्या पुंडलिकनगरच्या स्टुडिओत आला होता. नातवासाठी चार शब्द, घरच्यांसाठी आशीर्वाद, असा त्याचा बेत. अण्णा आले, काचेआड बसले आणि सरकारी फॉर्म भरल्यासारखं बोलले. नाव, गाव, तालुका. मग गप्प. मी म्हटलं, “अण्णा, नातवाला काहीतरी सांगा ना.”

“त्याला सांगंल की हातानं खुना करून. त्याला डोळे हायेत, अक्कल हाय. म्हशीला कसं सांगू?”

म्हशीचं नाव चिमणी. अंगानं हत्तीण, पण नाव चिमणी. अण्णा शेजारी उभे राहून बोलले तरच ती पान्हा सोडायची. दुसऱ्या कुणी धार काढायला बसलं की पान्हा चोरायची, वर लाथही मारायची. अण्णांना नातवाची काळजी नव्हती, चिमणीची होती. आणि तिच्याशी स्टुडिओत बसून बोलता येईना. “काचंकडं बघून काय बोलू? शेतात चला,” म्हणाले.

म्हणून सोमवारी आम्ही शेतात गेलो होतो. तिथं वारा असा की डोक्यावरचा पदर राहीना. आता वाऱ्याचं थोडं सांगायला हवं. मोकळ्या वाऱ्याचा आवाज आपल्याला फारसा त्रास देत नाही. माइकला देतो. माइकच्या आत एक पातळ पडदा असतो. वारा थेट त्यावर आदळतो आणि रेकॉर्डिंगमध्ये ट्रक गेल्यासारखी घरघर येते. मी माइकवर नुसता स्पंज चढवला होता. स्पंज घरातल्या पंख्याला पुरतो, धरणाच्या वाऱ्यापुढे त्याची काय टाप! मग मी सवयीनं ‘लो कट’चं बटण दाबलं. या बटणानं सगळा खालचा, जाड आवाज कापला जातो. घरघर गेली, पण अण्णांच्या आवाजाचा तळही तिच्याबरोबर गेला. आधीच बसलेला, घोगरा आवाज. त्यातलं जे होतं ते तळाशीच होतं.

“कॉम्प्युटरवर परत आणता येत नाही का?” संतोषनं विचारलं.

“नाही. कापलेलं कापड शिवता येतं, फेकून दिलेला तुकडा कुठून आणू?”

मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक माझी होती. इतकी वर्षं हे काम करते आणि घाईत बटण दाबून मोकळी झाले.

संध्याकाळी शहागंजला अन्वरभाईंकडे गेले. ते गाद्या, उशा, कव्हरं शिवतात. बरोबर एक लांब केसांचं मोठं अस्वल नेलं होतं, खेळण्यातलं. म्हटलं, “याचं कातडं काढून माइकला टोपडं शिवून द्या. केस बाहेरच्या बाजूला.” लांब केसांत वाऱ्याचा जोर मोडतो, आवाज मात्र आत जातो.

अन्वरभाईंनी अस्वलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. “मॅडम, माइक को ठंडी लगरी क्या?”

“बहुत लगरी, भाई. सुबह तक होना.”

“सुबह कायको? बैठो, अभी देता मैं.”

घरी येऊन दोन छोट्या प्लास्टिकच्या टोपल्या तोंडाला तोंड लावून बांधल्या. माइक आत रबरांवर टांगला, वरून अस्वल चढवलं. माइक आणि कव्हर यांच्यामध्ये मोकळी जागा हवी. केस माइकलाच चिकटले तर निम्मा उपयोग जातो.

बुधवारी सकाळी शेतात पोचलो. संतोषनं उसाचा आडोसा सुचवला. मी हेडफोन लावून बघितलं. वारा अडत होता, पण पानांची सळसळ इतकी की धो धो पाऊस पडतोय असं वाटावं. तिथून हललो. बांधाच्या मागं बसून बघितलं. तिथं शांत होतं, पण अण्णा म्हणाले, “बसून हाळी निघत नाय, बाई. उभंच ऱ्हावं लागतंय.”

उभं राहिलं की वारा. पुन्हा पंचाईत. त्यात अण्णांना जोर करायला डॉक्टरांनी मनाई केली होती. तीन-चार वेळा हाक मारली की घसा बंद व्हायचा. सगळा दिवस रिटेक घेत बसायची सोय नव्हती.

अण्णांनी माझ्या हातातलं केसाळ बोचकं बघितलं, मग आभाळाकडे नजर टाकली. “कामून एवढा तरास करून घ्यायलात? मी वाऱ्याला पाठ देतो. तुमी माझ्या म्होरं खाली बसा. माझं आंग हायेच की आडोशाला.”

वारा येईल तशी पाठ द्यावी, ही म्हण आपण संधिसाधू माणसांसाठी वापरतो. माझ्या कामातला हा पहिला नियम आहे आणि तो मला एका शेतकऱ्यानं शिकवावा! मी त्यांच्या पुढ्यात उकिडवी बसले. माइक छातीच्या खाली, तोंड वर. हेडफोनमधली घरघर निम्म्यानं कमी झाली. उरलेली अस्वलानं खाल्ली. लो कट बंद ठेवलं.

“आता थांबा,” अण्णा म्हणाले. “वारं दम खातंय. जरा वेळानं पडंल.”

“तुम्हाला कसं कळतं?”

“जनम गेला उफणन्यात. वाऱ्याची चाल कळंना तर दाणं कुटं आन भुसा कुटं?”

आम्ही थांबलो. संतोष घड्याळ बघायला लागला. अण्णांनी हात वर केला, हळूच खाली आणला, आणि खरंच वारा पडला.

“आऽ चिमणेऽ, आऽ!” त्यांनी हाळी दिली. मग एकदम आवाज उतरवून, कानाशी बोलावं तसं, “सोड माय, सोड. कुनाची हायेस तू? माझीच हायेस ना. सोड.”

पलीकडे खुंट्याला बांधलेली चिमणी उठून उभी राहिली. मी तेवढं परत लावून हेडफोन संतोषला दिला. त्यानं ऐकलं, मान डोलावली आणि दूर जाऊन उभा राहिला. डोळे पुसत होता. माझेही भरून आले होते. अण्णा दुसऱ्या हाकेसाठी थांबले होते, पण दुसरी हाक घ्यावीच लागली नाही.

ऑपरेशन नीट झालं. दीडेक महिन्यानं संतोषचा फोन आला. “मॅडम, चिमणी मोबाईलला दाद देईना. जेमतेम लोटाभर दूध देतेय.” कशी देणार? मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरला खालचा आवाज झेपतच नाही. मी स्टुडिओतला मोठा स्पीकर गाडीत टाकला आणि गेले.

गोठ्यात संतोषची आई धार काढायला बसली होती. अण्णा पलीकडे उभे होते, गळ्यावर पातळ फडकं. मी बटण दाबलं. “सोड माय, सोड.” चिमणीनं कान टवकारले, मान वळवली आणि पान्हा सोडला. आई हसली. संतोषनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी जग जिंकलंय.

पण चिमणी स्पीकरकडे बघत होती, अण्णांकडे नाही. ते अण्णांच्याही लक्षात आलं. ते सावकाश आले आणि त्यांनी स्पीकरचं बटण बंद केलं. आईचे हात थांबले. अण्णांनी चिमणीच्या पाठीवर हात ठेवला आणि जिभेनं टाळूवर आवाज काढला. टक्. टक् टक्. जिभेच्या आवाजाला स्वरयंत्र लागत नाही. हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, आम्हा कुणालाही सुचलं नव्हतं.

चिमणीची मान हळूहळू त्यांच्याकडे वळली. दुधाची धार पुन्हा बादलीत वाजायला लागली.

अण्णांनी मला हातानंच खूण केली, न्या हे परत. मी वायर गुंडाळली. आधी जरा राग आला, मग हसू आलं. एवढा वारा अडवला, अस्वल सोललं, आणि गिऱ्हाईकानं माल वापरलाच नाही! पण परतताना पटलं. पहिलं, पातळ आवाजाचं रेकॉर्डिंग असतं तर चिमणी हललीच नसती, आणि सगळ्यांनी माझ्या नावानं खडे फोडले असते. काम चोख झालं होतं, म्हणूनच अण्णांना ते नाइलाजानं नाही, आपल्या मर्जीनं नको म्हणता आलं.